ते बाशिंग नव्हतं

दत्ता, तुझ्या आबाकाकांनी तुझा पंख बाशिंग समजून गंगेत सोडला आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून तो लांब जाताना बघत राहिलो. त्याला आता पंधरवडा होत आला, तरी माझं डोकं थंड झालेलं नाही. जो तो मला सांगायलाय, वामनराव, गेलेल्या माणसाला शांत जाऊ द्या. तू जा की शांत, मी कुठं अडवलंय? मी मात्र शांत बसणार नाही. मित्र गेला की माणूस चार आसवं गाळतो आणि मोकळा होतो. मला कितीतरी दिवस रडायला सवडच मिळाली नाही, इतका मी संतापलो होतो. आणि हे तुझ्याशिवाय ऐकवू कुणाला? आपल्या गावात पंख म्हटलं की लोकांना कोंबडी आठवते.

झालं ते असं. तुझ्या अस्थी घेऊन आपण गंगाखेडला गेलो. बघ, अजून 'आपण' म्हणायलोय. तू गाडग्यात होतास आणि गाडगं माझ्या मांडीवर होतं. परभणीला गाडी बदलताना मी सवयीनं मागं वळून बघितलं, तू चहाला थांबलास की काय म्हणून. घाटावर सगळा कारभार आबाकाकांच्या हातात. घरातलं वडील माणूस, पालमहून तातडीनं आलेले, त्यांच्यापुढं कोण बोलणार. त्यांच्या काखेत लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. मला वाटलं, विधीचं सामान असेल. अस्थी सोडून झाल्या, मी काठावर धोतर पिळत होतो, तोवर काकांनी ते कापड सोडलं आणि आतली वस्तू दोन्ही हातांनी अलगद पाण्यावर ठेवली. पांढरीशुभ्र, लांब, एका कडेला चमकत्या बेगडाची पट्टी.

"काका, काय सोडलंत ते?"

"बाशिंग हाय त्याचं. लग्नातलं. पोरानं कोपऱ्यात लय जपून ठिवलं हुतं. घरधनी गेल्यावर घरात ठिऊ न्हाई."

"बाशिंग नाही ते. विमानाचा पंख आहे."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही उन्हानं माझं डोकं फिरलंय. "भेंडाचं हाय का न्हाई?"

"आहे."

"बेगड हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग बाशिंगच की. भेंडाचं दुसरं काय करत्यात?"

अरे, एवढं लांब बाशिंग बांधायचं तर नवरदेवाचं कपाळ केवढं लागेल? पण हे बोलायला वेळ कुठं होता. मी धोतर खोचून पाण्यात शिरलो. तोवर पंख डोहाच्या अंगाला लागला होता आणि मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे. मागून काका म्हणले, "वामन, गंगेला दिलेलं माघारी घ्यायचं नसतंय." मी उभा राहिलो. भेंड ते, तळ्यातल्या झाडाचा हलका गाभा, बुडणार कुठून. पाण्यावर निजल्यासारखा सरळ गेला. कुठं पीळ नाही, कुठं वाक नाही. तशा रागातही तुझा पंख सरळ उतरलाय हे माझ्या नजरेनं टिपलं, याचा मला आणखीच राग आला.

काकांना मी एक वेळ माफ करीन. त्यांनी जन्मात भेंड बघितलं ते नवरा-नवरीच्या कपाळावर. पण त्या घरात एक माणूस होतं, ज्याला सगळं ठाऊक होतं. इंदूवहिनी आतल्या खोलीत बसलेल्या होत्या. दाराशी जाऊन 'सूनबाई, हे काय आहे' एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. नवरा गेलेल्या बाईला आपल्याकडं कोण विचारतो? तिचा पलंग कुठं हलवायचा, तिनं माहेरी कधी जायचं, घरातली कुठली वस्तू ठेवायची आणि कुठली पाण्यात सोडायची, सगळं बाहेर ओट्यावर पुरुषांनी तंबाखू मळत ठरवलं. जणू ती बाई पण तुझ्याबरोबरच गेली.

हे खूळ तुझ्या डोक्यात कधी शिरलं ते मला पक्कं माहीत आहे. पोलिस ॲक्शनच्या दिवसांत परभणीवरून विमानं गेली, तेव्हा आपल्या गल्लीतली माणसं लेकरांना पोटाशी धरून दारं लावून बसली. तू माळवदावर चढलास. मी खालून ओरडलो, "दत्त्या, मरायलास का?" तू वरून म्हणलास, "वामन्या, ह्याचे पंख हलत नाहीत रे." मला वाटलं, भीतीनं बडबडायलास. तुला भीती नव्हतीच, तुला कोडं पडलं होतं. न हलणाऱ्या पंखावर एवढं धूड तरंगतं कसं, हे तू मला त्या दिवसापासून विचारत आलास.

पुढं तू इथं मानवतच्या शाळेत गणिताचा मास्तर झालास आणि मी इथल्याच कचेरीत नक्कलनवीस. दर रविवारी वारा उठायच्या आत आपण गावाबाहेरच्या गायरानात. कचेरीतले मला विचारायचे, तुमच्या विमानाला इंजिन असतं का हो? इंजिन कुठलं. लाकडाचं बारीक धड, मागं शेपूट, वर पंख. दोरी लावून पतंगासारखं पळत पळत वर न्यायचं, आकडा सुटला की ते आपलं आपण तरंगत खाली येतं. जितका वेळ तरंगेल तितका पंख चांगला. गायरानात मेंढ्या घेऊन बसलेला धनगर ओरडायचा, "मास्तर, तुमच्या त्या घारीला आवरा, मेंढरं बुजायलीत." तू त्याला हात जोडायचास आणि पुन्हा पळायचास, धोतराचा सोगा तोंडात धरून.

धडावरून आपलं कधी भांडण झालं नाही. शेपटीवरूनही नाही. भांडण पंखाचं. माझा पंख कामट्यांचा. बांबू तासायचा, दिव्याच्या धगीवर कामटी वाकवायची, तशा कामट्या एका लांब काडीवर ओळीनं बसवायच्या, वरून पतंगाचा कागद डकवायचा आणि पाण्याचा हात फिरवून वाळू द्यायचा. वाळला की कागद डफासारखा ताठ. आत सगळी हवा. तुझा पंख भरीव. बाशिंगवाल्याकडून भेंडाच्या कांड्या आणायच्या, सरसानं चिकटवून त्यांची फळी करायची, ती पात्यानं तासून पंखाच्या आकाराला आणायची, काचकागदानं घासायची, मधून एक बांबूची काडी घालायची आणि वरून पातळ कागद, कडेला बेगडाची पट्टी.

"वामन्या," तू म्हणायचास, "तुझ्या पंखाला आकार आहे तो फक्त कामटीपाशी. दोन कामट्यांच्या मधे कागद आत बसायलाय. त्या मधल्या कागदाला कोण सांगणार, कसं वळायचं ते? माझा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा."

"आकार घेऊन काय करतोस?" मी म्हणायचो. "जड किती झालाय बघ. भेंड हलकं असेल, सरस कुठं हलका असतो? पोटभर जेवून कुणी पळत नाही."

माझा पंख बाभळीच्या काट्यावर गेला की कागद टरकायचा, कामटी मोडायची आणि माझी अख्खी संध्याकाळ जायची. तुझा ढेकळावर नाकानं आपटला तरी नुसता पोचा यायचा. तू अंगठ्यानं चोळून पुन्हा दोरीला लावायचास आणि माझ्याकडं बघून असा काही हसायचास की मला तो दोरा तुझ्या गळ्यात घालावासा वाटे. पण भर दमट हवेत तुझं भेंड ओल धरायचं आणि पंख दगडासारखा खाली यायचा, तेव्हा कसा गप्प बसायचास? तेव्हा म्हणायचास, आज हवा बरोबर नाही. हवा बरोबर नाही म्हणे. माझा पंख त्याच हवेत उडत होता की.

एका गोष्टीवरून मात्र तू मला कधी टोचलं नाहीस, ते आज सांगून टाकतो. संस्थान गेलं आणि त्याच्यामागं कचेरीतली उर्दूही गेली. आपण दोघंही उर्दूत शिकलेले, पण तू गणितात निसटलास. माझं पोट उर्दू नकलांवर. मराठी घरात बोलतो म्हणून कचेरीत लिहिता येते असं थोडंच आहे? साहेब माझे मसुदे तोंडावर फेकायचा. तू शाळा सुटल्यावर माझ्या ओसरीवर येऊन बसायचास, लाल पेन्सिल कानावर, आणि माझं एकेक वाक्य सरळ करायचास. पोटजातीच्या, गावकीच्या गप्पा मारणाऱ्या या गावात तू ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नाहीस. माझी नोकरी त्या पेन्सिलीनं राखली. हे मी तुला जिवंतपणी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू लगेच म्हणला असतास, मग आता भेंड कबूल कर.

यंदा दिवाळीनंतर तू भांडायचा बंद झालास. मला संशय आला. विचारलं तर म्हणलास, "पंख करायलोय. होळीनंतरच्या रविवारी तुझा घेऊन ये. धड एक, दोरी एक, सकाळ एक. त्यानंतर जो हरेल त्यानं जन्मात तोंड उघडायचं नाही." मी म्हणलो, मंजूर. मग माझा पंखही मागून घेतलास, धडावर बसतो का बघायचंय म्हणून. मी भोळेपणानं दिला.

आणि मग तुला ताप आला. मी म्हणलो, परभणीहून डॉक्टर आणतो. तू म्हणलास, "रविवार होऊ दे." पुन्हा म्हणलो, तर पुन्हा तेच. तुला कुणी सांगितलं होतं रविवारची वाट बघायला? तापाला काय आपल्या पैजेची पर्वा होती? काका-बिका सगळे नंतर, दत्त्या, पहिला राग तुझ्यावर आहे. होळी पेटायच्या आधी तू गेलास आणि मला तुझ्याविरुद्ध एकट्याला सोडून गेलास.

तुझा पंख गंगेत गेला, तेव्हा तुझ्या घरी उरला तो माझा. आता पुढचं ऐक. शाळेचे हेडमास्तर तेराव्यानंतर घरी आले, म्हणले, दत्तोपंतांची आठवण म्हणून त्यांच्या हातचं काही द्या. काकांनी कोपऱ्यातला पंख उचलून दिला. कुणाचा, काय, कशाला विचारायचं? शनिवारी शाळेत तुझी शोकसभा. मी जाऊन बघतो तर टेबलावर तुझा फोटो, शेजारी माझा पंख, आणि पंखाला झेंडूचा हार. ओल्या झेंडूचा. कागदाचं काय होईल याचा कुणाला पत्ता नाही.

भाषणं झाली. तू कधी कुणाला दुखावलं नाहीस म्हणे. तुझा आवाज कधी चढला नाही म्हणे. मी मनात म्हणलो, हे कुणाबद्दल बोलायलेत? शेवटी हेडमास्तर उठले, पंखावर हात ठेवून म्हणले, "या नाजूक कामट्या, हा झिरझिरीत कागद, यात दत्तोपंतांचा आत्मा आहे. हा पंख आपण शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवणार आहोत, खाली त्यांचं नाव लिहून."

मी उठलो. "नाव लिहू नका. तो पंख माझा आहे."

मागून कुणीतरी म्हणलं, "आज तरी माझं-तुझं नको वामनराव." ते मला झोंबलं. मला नावाची हाव सुटली असं वाटलं त्यांना.

"मला नाव नकोय," मी म्हणलो. "दत्तानं कामट्यांच्या पंखाला जन्मभर नावं ठेवली. त्याच्या नावावर तोच पंख ठेवता? तो भेंडाचा माणूस होता. चुकीचा होता, पण भेंडाचा होता."

"चुकीचा?" हेडमास्तर म्हणले. "शोकसभेत गेलेल्या माणसाला चुकीचा म्हणता?"

"मग काय म्हणू? भेंडाचा पंख जड होतो. तो जिवंत होता तेव्हा दर रविवारी हेच म्हणलो. आज मेला म्हणून फिरवू?"

दोघा मास्तरांनी मला धरून खाली बसवलं. सभा संपल्यावर माझ्याबरोबर कुणी चाललं नाही. मला त्याचं काही नाही. मला दुसरंच लागलं. त्या भरल्या सभेत तुझी बाजू घ्यायला एकजण उठला नाही. एवढी माणसं तुझ्यावर जीव टाकणारी, आणि एकालाही सांगता येईना, नाही हो, भेंड जड नसतं. तू असतास तर पहिल्या रांगेतून उठून माझ्या अंगावर आला असतास. बाजारातून येताना सरकीच्या पोत्यांच्या थप्पीआड मला रडू कोसळलं. एवढे दिवस नव्हतं आलं. हमाल बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. होळीनंतरचा पहिला, आपला. सकाळीच वहिनींचा निरोप आला, जरा येऊन जा. मला वाटलं, आता इथंही बोलणी खायची आहेत. ओसरीवर त्यांचा भाऊ बसलेला, राणीसावरगावहून बहिणीला न्यायला आलेला. वहिनी आतल्या दाराला टेकून बसल्या होत्या.

"भावजी, सभेत तुमी म्हणलात म्हणे, यांचा पंख जड होता."

"म्हणलो. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर..."

"वाईट वाटायचं राहू द्या. तो जड नव्हता."

मी नुसती मान डोलावली. नवरा गेलेल्या बाईशी काय वाद घालायचा. ते त्यांना दिसलं असणार.

"मन राखायला बोलत नाही मी," त्या म्हणल्या. "वाण्याचा तराजू मागून आणला होता. एका पारड्यात तुमचा घातला, एका पारड्यात आमचा. तुमचं पारडं खाली गेलं. त्यासाठीच तुमचा मागून घेतला होता यांनी."

"भेंडाचा भरीव पंख माझ्यापेक्षा हलका? कसा होईल वहिनी?"

"भरीव कुठं होता? आतून पोकळ होता. वरची एक फळी, खालची एक. दोन्ही आतून कोरल्या आणि मधे मधे भेंडाच्याच भिंती राखल्या, तुमच्या कामट्यांसारख्या. मग एकावर एक चिकटवल्या. हे म्हणले, वामन्याचं खरं आहे, पंख आतून रिकामाच पाहिजे. पण रविवारपर्यंत त्याला कळू देऊ नको."

दत्त्या, लबाडा. वर्षानुवर्षं मी घसा कोरडा केला, आणि तू माझं म्हणणं कबूल केलंस ते बायकोजवळ. चुलीपाशी. मला नाही सांगितलंस. आधी मला हरवणार होतास आणि मग उदार होऊन सांगणार होतास. एक वाक्य होतं रे. तापात पडून होतास तेव्हा रोज तुझ्या उशाशी बसत होतो मी, तेव्हा तरी बोलायचं होतंस. वहिनींच्या समोर मी तुला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. त्यांनी घालू दिल्या.

मग मी विचारलं, "पण भेंड एवढं पातळ कोरलं तर फाटत नाही?"

"यांच्या हातानं फाटायचंच. किती वाया गेलं. मग म्हणले, तुझा कणकेचे बारीक गव्हले वळायचा हात आहे, तू बघ." त्यांनी उजवा हात पुढं केला. अंगठ्यावर पात्याचे ओरखडे अजून होते. "तो मी कोरला, भावजी. माझ्या लाल लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवला होता. तुमी गंगाखेडहून माघारी आल्यावर मला कोपरा रिकामा दिसला."

म्हणजे बघ. तुझा पंख पाण्यात सोडला म्हणून मी एवढे दिवस जळत होतो, आणि सोडला होता तो या बाईचा. ती भिंतीपलीकडं बसलेली असताना उचलून, तिच्याच फडक्यात गुंडाळून नेलेला. आबाकाका नेमके पालमला निघून गेले होते, नाहीतर त्या दिवशी माझ्या तोंडून वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये असं काहीतरी गेलं असतं.

"भेंड आणून द्याल का परभणीहून?" वहिनी म्हणल्या. "दुसरा करते. पाडव्याच्या सकाळी गायरानात लावू पैज. आणि तुमचा पंख शाळेतनं माघारी आणा. हारानं कागद सैल झाला असंल, तो नीट ताणून घ्या. मागनं म्हणू नका, कागद सैल होता म्हणून हरलो."

ओसरीवरून त्यांचा भाऊ खाकरला. "आक्का, उद्या सकाळच्या मोटारीनं निघायचं ठरलंय."

"तुमी ठरवलंय. मी पाडवा झाल्यावर येईन."

"आन् वर्ष सरायच्या आत गायरानात जाऊन विमान उडवशील? सणाच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं असतील तिथं?" वहिनी त्याला म्हणल्या. "सगळ्यांच्या घरी गुढ्या असत्यात. आमच्या घरी यंदा गुढी नाही. माझी सकाळ मोकळीच आहे."